खुले पत्र: जुन्या घाटाची एक रविवार सकाळ उताराच्या शर्यतीला द्या

प्रति,
मा. क्रीडा मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि ज्यांच्या जिल्ह्यात घाटरस्ते आहेत ते सर्व जिल्हाधिकारी

विषय: डाउनहिल स्केटबोर्ड व स्ट्रीट ल्यूज शर्यतीसाठी एक घाटरस्ता काही तास बंद ठेवण्याबाबत

महोदय,

मागणी सुरुवातीलाच लिहितो. बोगदा किंवा नवा मार्ग झाल्यामुळे ज्या घाटावरची मुख्य वाहतूक हलली आहे, असा महाराष्ट्रातला एक घाट निवडावा. पावसाळा सरल्यावर, वर्षातून एका रविवारी सकाळी तो वाहनांना पूर्ण बंद करावा आणि लेखी नियमांखाली डाउनहिल स्केटबोर्ड (चाकांच्या फळीवर उभ्याने उतार उतरणे) व स्ट्रीट ल्यूज (तशा फळीवर उताणे झोपून उतरणे) यांच्या शर्यतीला द्यावा. स्टेडियम नको, नवे बांधकाम नको, निधीचीही आज मागणी नाही. रस्ता आपल्याकडे आहे, तो काही तास मोकळा हवा आहे.

मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेला उपअभियंता आहे. नोकरीचा मोठा काळ घाटांवर गेला. दरडी उपसून घेणे, मोऱ्या साफ करणे, ढासळलेली संरक्षक भिंत पुन्हा उभी करणे, गणपतीआधी खड्डे भरणे, हेच काम. माझी नात पुण्यात लाँगबोर्ड, म्हणजे लांब स्केटबोर्ड, चालवते. तिच्यामुळे मी या खेळाच्या शर्यती पाहू लागलो, नियम वाचू लागलो, आणि माझ्या लक्षात आले की हा खेळ जितका खेळाडूचा आहे तितकाच रस्त्याचा आहे. चढ किती, वळणाची त्रिज्या किती, बाहेरची कड किती उचललेली आहे, डांबराचा पृष्ठभाग कसा आहे, यावर सगळे ठरते. ही भाषा मला येते, म्हणून हे पत्र मी लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. डाउनहिलमध्ये रायडर साधारण मीटरभर लांबीच्या फळीवर उभा असतो. फळीखाली दोन ट्रक, म्हणजे चाके बसवायचे धातूचे आस, आणि चार चाके. इंजिन नाही आणि ब्रेकही नाही. सरळ रस्त्यावर तो गुडघ्यांत वाकतो, छाती मांडीजवळ आणतो आणि हात पाठीमागे नेतो. या बैठकीला टक म्हणतात. हवेचा विरोध कमी करण्यासाठी ती घ्यायची. वळण जवळ आले की तो उठतो आणि अंगावर वारा घेऊन वेग उतरवतो. तेवढ्याने भागले नाही तर फळी आडवी घालून चाके रस्त्यावर घसरवतो, ती स्लाइड. हातात जाड मोजे असतात आणि त्यांच्या तळव्यावर कडक प्लास्टिकची चकती. ती रस्त्याला टेकवून तोल धरायचा. चांगल्या रायडरची स्लाइड पाहताना भीती वाटत नाही. वेग नेमका हवा तेवढाच उतरतो आणि फळी पुन्हा सरळ होते.

स्ट्रीट ल्यूजमध्ये रायडर उताणा झोपतो. पाय पुढे, डोके मागे, पाठ रस्त्यापासून काही इंचांवर. वळवायचे ते अंगाचा भार एका बाजूला देऊन आणि थांबायचे ते बुटांचे तळवे रस्त्यावर घासून. त्यासाठी बरेच जण बुटाला टायरचे रबर चिकटवून घेतात. झोपलेल्या माणसाला वारा फारच कमी अडवतो, म्हणून ल्यूज उभ्या स्केटबोर्डपेक्षा वेगवान. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ले एबूलमाँ नावाच्या गावी फार तीव्र उताराचा एक रस्ता आहे. तिथे २०१६ मध्ये माइक मॅकिन्टायर यांनी ल्यूजवर ताशी १६४ किमी वेग नोंदवला. पुढच्याच वर्षी त्याच रस्त्यावर पीट कॉनली यांनी उभ्याने ताशी १४६ किमीचा टप्पा ओलांडला.

हे आकडे वाचून आपण दचकाल, पण शर्यत म्हणजे हे विक्रम नव्हेत. विक्रम सरळ रस्त्यावर होतात. शर्यत वळणांची असते. आधी प्रत्येकाने एकट्याने उतरून वेळ नोंदवायची. मग त्या वेळेच्या क्रमाने चार-चार जणांच्या फेऱ्या लावतात, प्रत्येक फेरीतले पहिले दोघे पुढे जातात आणि शेवटी चौघांची अंतिम फेरी होते. पुढच्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेत राहायचे आणि वळणातून बाहेर पडताना त्याला मागे टाकायचे, यात डोके लागते, धीर लागतो. महिलांची वेगळी स्पर्धा असते. अमेरिकेची एमिली प्रॉस अनेकदा जगज्जेती झाली आहे आणि खुल्या गटात पुरुषांबरोबरही उतरली आहे. माझ्या नातीच्या खोलीत तिचा फोटो आहे.

आता मुद्द्याचे. हा खेळ खेळणारी आपली मुले आजही घाटात उतरतात. शहराजवळच्या टेकड्यांवर, पहाटे, रहदारी सुरू होण्याआधी. कुठल्या घाटात ते इथे लिहीत नाही, कारण मला त्यांच्यावर कारवाई नको आहे. ती बेफिकीर नाहीत. वळणावळणावर आपला एकेक मित्र उभा करतात, तो खालून गाडी आली की हात वर करतो किंवा फोनवर ओरडतो. हेल्मेट घालतात. तरीही उघड्या रस्त्यावर हा खेळ सुरक्षित होऊ शकत नाही, आणि त्याचे कारण मुलांच्या वागण्यात नाही, रस्त्याच्या भूमितीत आहे. हे समजावून सांगण्यासाठीच मी हे पत्र इतके लांबवतो आहे.

आपल्याकडे डोंगरी रस्त्यांची आखणी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे होते. डोंगराळ भागात सर्वसाधारण चढ २० ला १, म्हणजे ५ टक्के. नाइलाज असेल तिथे ६ टक्के, अपवाद म्हणून ७. हेअरपिनची, म्हणजे रस्ता जवळजवळ उलट फिरतो त्या वळणाची, आतली त्रिज्या किमान १४ मीटर, तिथला चढ ४० ला १ पेक्षा जास्त नको, बाहेरची कड जास्तीत जास्त १० टक्के उचललेली, आणि हे सगळे ताशी २० किमी वेग धरून. दोन लेनच्या राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गावर हेअरपिनच्या माथ्याशी रस्त्याची एकूण रुंदी किमान साडेअकरा मीटर ठेवावी लागते.

आता २० ला १ उतारावर टक घेऊन उतरणाऱ्या माणसाचा हिशेब करा. वजन, हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण धरून मी तो केला. पुरेसा लांब सरळ तुकडा मिळाला तर वेग ताशी ६० ते ७० किमीपर्यंत जातो. वळण मात्र आखलेले आहे २० साठी. रायडरला दोनच वाटा उरतात. एक, वळणाआधी भरपूर स्लाइड करून वेग निम्म्याखाली आणणे. दोन, वळणाची त्रिज्या वाढवणे, म्हणजे रस्त्याच्या बाहेरच्या कडेने आत शिरायचे, माथ्याशी आतली कड गाठायची आणि पुन्हा बाहेरच्या कडेने निघायचे. मोटारींच्या शर्यतीतही हेच करतात. पूर्ण रुंदी वापरली की १४ मीटरचे वळण प्रत्यक्षात बरेच मोठे होते आणि तेच सुरक्षित ठरते.

पण ही पूर्ण रुंदी उघड्या घाटात कुणाची असते? खालून चढणाऱ्या एसटीची, ट्रकची, दुचाकीवर दुधाच्या किटल्या लावून निघालेल्या माणसाची. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची हा नियम आपण ड्रायव्हिंग शिकताना पाठ केलेला आहे. म्हणजे उघड्या रस्त्यावर रायडरने नियम पाळला तर त्याला अर्ध्या रुंदीत, घट्ट त्रिज्येत, जास्त घसरत वळावे लागते. सुरक्षित रेषा धरली तर तो आंधळ्या वळणावर समोरच्या गाडीच्या बाजूला जातो. दोन्हीत धोका आहे. हेल्मेट, सावधपणा, वळणावरचा मित्र, यांपैकी कशानेही ही अडचण सुटत नाही. ती फक्त रस्ता बंद केल्याने सुटते. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून आपल्या कार्यालयातल्या अभियंत्यांकडून हा हिशेब अवश्य तपासून घ्या.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. स्केटबोर्डला वेग आला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणल्यावर. त्याआधी चाके चिनी मातीसारख्या भाजलेल्या मिश्रणाची किंवा धातूची असत, बारीकशा खड्यावर अडकत. नवी चाके डांबराला धरून राहू लागली. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या सिग्नल हिल इथे, एका भयंकर उताराच्या रस्त्यावर पहिली मोठी वेगाची शर्यत झाली. तिच्यामागे टीव्हीचा कार्यक्रम होता. पुढची काही वर्षे ती होत राहिली आणि दर वर्षी वाहने जास्त वेगवान, जास्त विचित्र होत गेली. माणसे लांब नळकांड्यांसारख्या कवचांत बंद होऊन उतरू लागली. वेग वाढला, नियम वाढले नाहीत, आणि प्रेक्षक रस्त्याच्या अगदी कडेला उभे. १९७८ च्या शर्यतीत स्पर्धक आणि प्रेक्षक जखमी झाले आणि सिग्नल हिल बंद पडले. ल्यूजची बीजे त्या काळातली आणि त्याच भागातली.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या क्रीडावाहिनीने साहसी खेळांचा जो महोत्सव सुरू केला, पुढे एक्स गेम्स म्हणून गाजलेला, त्यात स्ट्रीट ल्यूज पहिल्या वर्षापासून होते. काही वर्षे खूप गाजले आणि मग कार्यक्रमातून काढले गेले. टीव्ही निघून गेला तरी खेळ संपला नाही. १९९६ मध्ये इंटरनॅशनल ग्रॅव्हिटी स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली होती, तिने जगभर शर्यती घेतल्या आणि नियम एकसारखे केले. त्यानंतर रायडरांनीच उभारलेल्या इंटरनॅशनल डाउनहिल फेडरेशनने विश्वचषकाची मालिका हातात घेतली. आज जे नियमपुस्तक आहे ते जखमांतून शिकून लिहिलेले आहे. तोंड पूर्ण झाकणारे हेल्मेट, अंगभर चामड्याचा सूट, शर्यतीआधी प्रत्येक फळीची तपासणी, प्रत्येक वळणावर झेंडा घेतलेला मार्शल, वळणांच्या बाहेरच्या कडेला गवताच्या गठ्ठ्यांची भिंत, आणि प्रेक्षकांनी कुठे उभे राहायचे नाही याच्या खुणा.

आता ज्या रस्त्याचे उदाहरण मला सर्वात जवळचे वाटते तिकडे येतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठावर, मेरीहिल नावाची जागा आहे. तिथली जमीन सॅम्युअल हिल नावाच्या एका गृहस्थांची होती. चांगल्या रस्त्यांचा त्यांना ध्यास होता. रस्ते पक्के झाले तर शेतकऱ्याचा माल बाजारात पोचेल, हे ते सरकारला पटवत फिरत. सरकार ऐकेना तेव्हा त्यांनी १९०९ ते १९१३ च्या दरम्यान स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, सुमारे १० मैलांचे रस्ते बांधले आणि त्यात फरसबंदीच्या सात वेगवेगळ्या पद्धती वापरून पाहिल्या. सॅम्युअल लँकेस्टर हा त्यांचा अभियंता. नदीकाठावरून पठारावर चढणारा नागमोडी तुकडा त्यांनी सौम्य चढाचा ठेवला, साधारण आपल्या घाटासारखाच २० ला १ च्या आसपासचा. चढ सौम्य ठेवायचा म्हटले की लांबी वाढते, लांबी वाढली की वळणे वाढतात. आपल्या घाटांचीही हीच कहाणी आहे.

पुढे मोटारींसाठी दुसरा मार्ग झाला आणि ही नागमोडी वळणे, म्हणजे मेरीहिल लूप्स, निरुपयोगी ठरली. तिथल्या लोकांनी ती उखडली नाहीत. आज तो रस्ता हिल यांच्याच नावाशी जोडलेल्या कलासंग्रहालयाच्या ताब्यात आहे. एरवी मोटारींना बंद, चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना उघडा. संग्रहालय तो कार्यक्रमांना भाड्याने देते. जुन्या मोटारींची चढाची शर्यत तिथे झाली आणि डाउनहिलच्या विश्वचषकाच्या शर्यतीही झाल्या. कॅनडा, ब्राझील, युरोप, ऑस्ट्रेलियातून रायडर त्या ओसाड टेकडीवर येतात, तंबू ठोकून राहतात, जवळच्या गोल्डनडेल गावात जेवतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अभियंत्याने आखलेली वळणे आज हे लोक पाठ करतात. घाट बांधणाऱ्या माणसाला याहून मोठा मान कुठला, मला माहीत नाही.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. चेक प्रजासत्ताकात कोझाकोव्ह नावाच्या टेकडीवर गावाचाच रस्ता काही दिवस बंद करून वर्षानुवर्षे शर्यत घेतली गेली, आणि युरोपातले रायडर ती सर्वोत्तम मानतात. दक्षिण ब्राझीलमधले तेउतोनिया सर्वात वेगवान ठिकाणांपैकी एक. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट इथे माउंट पॅनोरमा आहे, एरवी साधा सार्वजनिक रस्ता, लोकांची घरे आणि द्राक्षमळे त्याला लागून. मोटारींच्या मोठ्या शर्यती असतात तेव्हा तो बंद होतो, आणि त्याच रस्त्यावर डाउनहिलच्या शर्यतीही घेतल्या गेल्या.

आशियातले उदाहरण आपल्याला जास्त उपयोगी पडेल. फिलिपाइन्स हा आपल्यासारखाच दाट वस्तीचा, पावसाचा, डोंगरी रस्त्यांचा देश. २०१९ मध्ये दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडास्पर्धा त्यांच्याकडे होत्या, तेव्हा त्यांनी स्केटबोर्डिंगमध्ये डाउनहिलचा समावेश केला. पुरुषांचे सुवर्ण त्यांच्याच जेमी डी लांगे याने मिळवले. देशात आधीपासून छोट्या-मोठ्या शर्यती होत होत्या, म्हणून तो खेळाडू तयार होता. सरकारने रस्ता बंद करून दिला आणि पदक देशात राहिले.

कायद्याची अडचण सांगितली जाईल, म्हणून तेही पाहून ठेवले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते, आणि ती महिन्याभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. कलम १८९ विनापरवाना शर्यतींना शिक्षा सांगते, पण ते मोटार वाहनांच्या शर्यतींबद्दल आहे, आणि तिथेही राज्य शासनाच्या लेखी संमतीची वाट ठेवलेली आहे. ज्या कायद्याने मोटारींच्या शर्यतीला संमतीचा मार्ग ठेवला, त्याच्या भावनेत इंजिन नसलेल्या फळीला जागा नक्की बसते. रस्ता बंद करणे तर आपल्याला अजिबात नवे नाही. पावसाळ्यात दरडीच्या भीतीने वरंध घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, हजारो माणसे यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला धावतात, आणि त्या सकाळी पोलीस, आरोग्य विभाग, गावकरी सगळे मिळून तो रस्ता सांभाळतात. आम्ही मागतो आहोत ती व्यवस्था याहून लहान आहे. स्पर्धक शंभराच्या आत असतील.

जागेबद्दल माझे मत असे. मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेडच्या दरम्यानच्या कशेडी घाटाला आता जुळ्या बोगद्यांचा पर्याय आहे. पूर्वी कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला तो घाट चढून उतरावा लागे, आता गाड्या काही मिनिटांत पार होतात. जुन्या घाटावर स्थानिक वाहतूक आहे, वाड्या आहेत, त्यांचा विचार आधी करावा लागेल. खंबाटकीचे नवे बोगदे पूर्ण वापरात आल्यावर तिथल्या जुन्या रस्त्याचाही विचार होऊ शकेल. कशेडीच हवा असा माझा आग्रह नाही. बांधकाम विभागाने अशा मोकळ्या झालेल्या घाटांची यादी करावी आणि पाहणी करून एक निवडावा.

पाहणीत काय बघायचे ते सांगतो, कारण गाडीच्या दृष्टीने चांगला रस्ता फळीच्या दृष्टीने चांगला असेलच असे नाही. सर्वात मोठा शत्रू रम्बल स्ट्रिप. वळणाआधी पांढऱ्या जाड रंगाचे जे पट्टे आपण गाडीचा वेग कमी व्हावा म्हणून मारतो, ते सत्तर मिलिमीटरच्या चाकाला घातक असतात. ते असतील तर तो तुकडा बाद, किंवा पट्टे आधी खरवडून काढावे लागतील. तसेच रस्त्याच्या मध्ये बसवलेले रिफ्लेक्टर. खड्ड्यांवरचे पॅच समपातळीत हवेत. पृष्ठभागावरची सुटी बारीक खडी आदल्या दिवशी आणि त्या सकाळी पुन्हा झाडून काढावी लागते. हे काम आपले मैलकुली जितके चांगले करतील तितके कुणी करणार नाही, त्यांना त्याचा वेगळा मोबदला द्यावा. दरीच्या बाजूला जिथे नुसते दगडी कठडे आहेत तिथे गठ्ठ्यांची दुहेरी भिंत लागेल, आणि जिथे कठडाही नाही तो भाग शर्यतीत घेऊच नये. उताराच्या शेवटी सपाट किंवा थोडा चढाचा, किमान दोनशे मीटरचा तुकडा थांबण्यासाठी हवा. दोन-तीन किलोमीटरचा टप्पा पुरतो, अख्खा घाट नको. सुरुवात तर सौम्य टप्प्यावरच व्हावी. ५ टक्के चढ पुष्कळ झाला.

महिना नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. त्याआधी रस्त्याच्या सावलीतल्या कडेला शेवाळ असते आणि मोऱ्यांतून पाणी पाझरत असते. मार्चनंतर डांबर दुपारी मऊ पडते. धुके असेल तर सुरुवात उशिरा करायची, त्यासाठी वेळ हाताशी ठेवायचा. त्याच दिवसांत कोकणात भात कापून झालेले असते. पेंढा यंत्राने बांधून गठ्ठे करता येतात. ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडून विकत घ्यावेत, आणि शर्यत झाली की फाटके-मळके वेगळे काढून बाकीचे गुरांना जातील.

वाड्यांमधल्या लोकांशी बोलल्याशिवाय काही करू नये, हे मी ठामपणे सांगतो. घाटावर राहणाऱ्या माणसाने आयुष्यभर शहरवाल्यांच्या गाड्या सोसलेल्या असतात. रविवारी सकाळी त्याचा रस्ता बंद करायचा तर त्याला आधी विचारले पाहिजे. दर दीड तासाने शर्यत थांबवून अर्धा तास गावच्या गाड्या सोडता येतात. जगभर तसेच करतात, कारण खाली पोचलेल्या रायडरांना ट्रकमध्ये घालून पुन्हा वर आणावेच लागते. रुग्णवाहिका आणि बाळंतिणीची गाडी कुठल्याही क्षणी निघेल, झेंडा लाल होईल, शर्यत थांबेल, हे करारातच लिहावे. जेवण, पाणी, पार्किंग, राहण्याची सोय यांचा पैसा गावातच जावा. गावातल्या मुलांपैकी कुणाला फळीवर उभे राहून पाहायचे असेल तर खालच्या सपाट तुकड्यावर शिकवणारे लोक आमच्याकडे आहेत.

खेळाची संघटना कोणती हा प्रश्न येईल. ऑलिंपिक समितीने मान्य केलेल्या वर्ल्ड स्केट या जागतिक संघटनेच्या कक्षेत डाउनहिलही येते, आणि रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही तिची भारतातली सदस्य आहे. टोकियोत स्केटबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये आले ते स्ट्रीट आणि पार्क या दोन प्रकारांत. डाउनहिल तिथे नाही. पण चाकांवरच्या खेळांत महाराष्ट्राची मुले कुठे पोचली आहेत ते पाहा. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने स्केटबोर्डिंगमध्ये सुवर्ण मिळवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेचे कांस्य जिंकणाऱ्या भारतीय पुरुष संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे होते. ही मुले रस्त्यावरच घडली. डाउनहिलमध्ये तर निसर्गाने आपल्याला सह्याद्री दिलेला आहे आणि आधीच्या पिढ्यांनी त्यात रस्ते काढून ठेवले आहेत.

धोक्याबद्दल मी काही लपवणार नाही. या खेळात हाडे मोडतात, कातडी सोलवटते आणि जगात मृत्यूही झाले आहेत. बंद रस्त्यावरही धोका शून्य होत नाही. म्हणून अठरा वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी शर्यतीत घेऊ नये, पालकांची संमती असली तरीही. प्रत्येकाने सरावफेरीत वळणाआधी पूर्ण थांबून दाखवावे, त्याशिवाय क्रमांक देऊ नये. विमा आयोजकांनी काढावा. दोन रुग्णवाहिका असाव्यात, एक वर, एक मध्ये, आणि त्यांपैकी एक जरी रुग्ण घेऊन गेली तर ती परत येईपर्यंत शर्यत थांबावी. ल्यूज आणि उभे स्केटबोर्ड यांच्या फेऱ्या कधीही एकत्र लावू नयेत. पाऊस पडला तर शर्यत रद्द. या अटी शासनाने घालाव्यात आणि त्या कडक घालाव्यात. आम्हाला त्यांचा त्रास होणार नाही, उलट आधार होईल.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत जो सर्वात आधी घाट चढतो त्याला आपण 'घाटांचा राजा' म्हणत आलो. लहानपणी आम्ही खोपोलीजवळ रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या सायकलस्वारांना टाळ्या वाजवल्या आहेत. त्या काळात कुणी विचारले नाही की सायकल आपली की परदेशी. घाट आपला होता आणि त्यावर घाम गाळणारा माणूस आपला होता, तेवढे पुरे होते. घाट चढण्याला जो मान मिळाला तो तोच घाट कौशल्याने उतरण्याला का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

पुढची पावले अशी व्हावीत. येत्या पावसाळ्याआधी बांधकाम विभागाने पर्यायी मार्ग झालेल्या घाटांची यादी जाहीर करावी. क्रीडा विभागाने स्केटिंग संघटना, पोलीस, आरोग्य आणि संबंधित ग्रामपंचायती यांची एक बैठक बोलवावी. दिवाळीनंतर संयुक्त पाहणी व्हावी आणि जानेवारीतला एखादा रविवार ठरावा. पहिल्या वर्षी बाहेरचे प्रेक्षक बोलावू नयेत, फक्त स्पर्धक, मार्शल आणि गावकरी. त्या दिवशी काय घडले याचा अहवाल आयोजकांनी पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. अहवाल वाईट आला तर दुसऱ्या वर्षी परवानगी देऊ नये.

पाहणीसाठी मी स्वखर्चाने येईन. टेप, लेव्हल आणि चढ मोजण्याचे साधन माझ्याकडे आहे, वळणावळणाचा तक्ता मी करून देईन आणि त्यावर सही करीन. हे पत्र पोस्टाने आपल्या दोन्ही कार्यालयांना वेगळे पाठवले आहे, त्यावर माझा पत्ता आणि फोन आहे. पाहणीची तारीख तेवढी कळवावी.

आपला विश्वासू,
सार्वजनिक बांधकाम विभागातील एक निवृत्त उपअभियंता